काही हरकत नाही

“येस, मॅडम,” मी म्हणाले, आणि फर्नांडिस मॅडमच्या हातातलं बिस्कीट चहाच्या कपावर तसंच राहिलं. भिजलेला अर्धा तुकडा गळून कपात पडला. तो पडल्याचा आवाज सगळ्यांना ऐकू आला, इतकी मुख्याध्यापिका शिंत्रे मॅडमची खोली गप्प झाली होती.

ते ‘येस’ मी मुद्दाम म्हटलं की चुकून, यावर आमच्या शाळेत आजही दोन पक्ष आहेत. तेव्हा मी सातवीत होते, आता दहावीत आहे, तरी पाचवी-सहावीच्या मुली मधल्या सुट्टीत येऊन विचारतात, “ताई, तू खरंच शिंत्रे मॅडमना तसं म्हणालेलीस?” मी हसते आणि डब्याचं झाकण लावते. खरं काय ते एका माणसाशिवाय कुणालाच माहीत नाही. आज लिहून टाकते. लिहिताना मधे कुणी “बस खाली” म्हणत नाही, हे एक बरं असतं.

सुरुवात मगदूम सरांच्या वहीपासून करायला हवी.

आमचं गाव गडहिंग्लजच्या पुढं, बेळगावच्या अलीकडं. शाळा मराठी माध्यमाची. मगदूम सर इंग्रजी शिकवायचे आणि त्यांची रीत अशी की वहीचं पान मधोमध दुमडायचं, डावीकडं इंग्रजी वाक्य, उजवीकडं मराठी. पण उजवीकडं डिक्शनरीतलं मराठी लिहिलेलं त्यांना चालायचं नाही. “तुझी आई काय म्हणेल ते लिही,” म्हणायचे.

त्या वर्षी त्यांनी एकच शब्द धरून ठेवला होता. माइंड. शब्द दिसायला केवढासा, पण जाईल तिथं वेगळा वागायचा. ‘नेव्हर माइंड’च्या समोर एका मुलीनं ‘कधीही मन नाही’ असं लिहिलं, तेव्हा सर एवढे हसले की चष्मा काढून पुसावा लागला. “अगं, घरात दुधाचं पातेलं सांडल्यावर आई म्हणते का, कधीही मन नाही?”

माझं पान मात्र भराभर भरायचं. कारण माझी आई ब्लाऊज शिवते. पुढच्या खोलीत मशीन, मागच्या खोलीत आम्ही, मधे पडदा. दिवसभर गावातल्या बायका बोलत असतात आणि पडद्यामागं बसून माझा अभ्यास होत असतो. ‘माइंड द स्टेप’ म्हणजे “उंबरा बघून, वहिनी.” ‘मेक अप युअर माइंड’ मला आधी पावडर-लिपस्टिकचं वाटलं होतं, ते निघालं “एकदा काय ते ठरवा, गोल गळा का चौकोनी?” ‘इट स्लिप्ड माय माइंड’ म्हणजे “डोक्यातनंच गेलं बघा, उद्या नक्की देतो.” (देतो, येतो, जातो. आमच्याकडं बायका असंच बोलतात. कुणाला हसायचं असेल तर हसा.)

आणि ‘आय डोन्ट माइंड’ म्हणजे “काही हरकत नाही.”

हे वाक्य माझ्या आईचं. दिवसातून वीसदा तरी. मशीनवर एकीचा ब्लाऊज अर्धा शिवून झालेला असायचा, दुसरी यायची, “माझा आधी कराल का हो?” आई म्हणायची, काही हरकत नाही. कुणी दिलेलं माप बदलायची, शिवलेलं उसवायला लावायची. काही हरकत नाही. तोंडात टाचण्या धरलेल्या असतानाही तिला ते म्हणता यायचं. ओठ न हलवता.

एकदा मी डावीकडं नुसतं ‘आय माइंड’ लिहिलं आणि उजवीकडं काही सुचेना. ‘हरकत आहे’ असं लिहिता आलं असतं, पण आईच्या तोंडून ते मी कधी ऐकलेलंच नव्हतं. सरांना वही दाखवली.

“मोकळं ठेव,” सर म्हणाले. “ऐकू आलं की लिही.”

दिवाळीच्या सुट्टीनंतर एका शनिवारी कोल्हापूरला जिल्ह्याची इंग्रजी भाषणाची स्पर्धा होती. प्रत्येक शाळेतून एकच मुलगी किंवा मुलगा. आमच्या शाळेतली निवड करायला बेळगावहून फर्नांडिस मॅडम आल्या. कॉलेजात इंग्रजी शिकवून निवृत्त झालेल्या, केस पांढरेशुभ्र आणि मराठी बेळगावच्या हेलाचं. मी माझ्या वहीवरच बोलले. इंग्रजांचं माइंड आमच्या घरात आलं की कधी मन होतं, कधी डोकं होतं, आणि कधी उंबऱ्याला ठेचकाळून नाहीसंच होतं, असं. शेवटी मी सांगितलं की ‘वुड यू माइंड’ म्हणून कुणी विचारलं की आपण मराठी माणसं हमखास फसतो. तो विचारत असतो, तुमची काही हरकत? आणि आपण मान डोलावून म्हणतो, येस, येस. म्हणजे हो, हो, हरकत आहे. यावर फर्नांडिस मॅडम टेबलावर हात मारून हसल्या. माझी निवड झाली.

त्या आठवड्यात मी रस्त्यानं चालत नव्हते, उडत होते. कोल्हापूरला मी तोपर्यंत दोनदाच गेलेले, दोन्ही वेळा दवाखान्यात. आता स्टेजवर जाणार होते. आरशासमोर बोलायची, मांजरासमोर बोलायची, भांडी घासताना बोलायची. आईला एक अक्षर कळत नव्हतं तरी उंबऱ्याच्या ठिकाणी ती बरोब्बर हसायची.

मग मंगळवारी देसाई काकू आल्या.

देसाई काकूंचे मिस्टर आमच्या शाळेच्या संस्थेचे अध्यक्ष. त्यांची मुलगी ईशिता जूनमध्ये पुण्याच्या इंग्रजी शाळेतून आमच्या वर्गात आलेली. माप देता देता काकू म्हणाल्या, “वहिनी, तुमच्या अवंतीचं कौतुकच आहे हो. पण आमच्या ईशूचं बोलणं ऐकलंय ना? लहानपणापासून इंग्रजीतच. जिल्ह्याला शाळेचं नाव होईल. अवंतीला काय, पुढच्या वर्षी आहेच की. शिंत्रे मॅडमही तेच म्हणत होत्या. तुमची काही हरकत नाही ना?”

पडद्यामागं माझ्या हातातली पेन्सिल थांबली.

“काही हरकत नाही,” आई म्हणाली. टाचण्या तोंडातच होत्या.

काकू गेल्यावर मी पडदा असा ओढला की त्याच्या दोन रिंगा निघाल्या.

“तू कशी काय म्हणालीस?”

“तोंडातनं गेलं गं.”

“ब्लाऊज होता का तो? आधी हिचा आणि मग तिचा करायला?”

टाचण्या काढून आई हलक्या आवाजात म्हणाली, “त्या लोकांशी वाकडं घेऊन आपण कुठं जायचं? तुझी अजून तीन वर्षं तिथंच काढायची आहेत. मी काय म्हणतो, मनाला लावून घेऊ नको.”

“माझं मन आहे, मी लावीन नाही तर चिकटवीन.”

“आगाऊपणा पुरे,” आई म्हणाली, पण तिनं माझ्याकडं बघितलं नाही. मशीनही सुरू केलं नाही. नुसती चाकावर हात ठेवून बसून राहिली.

बुधवारी मधल्या सुट्टीत आईला आणि मला मुख्याध्यापिकांच्या खोलीत बोलावलं. फर्नांडिस मॅडम माझी शेवटची तयारी करून घ्यायला बेळगावहून आल्या होत्या, आणि त्यांना काय सांगायचं ही शिंत्रे मॅडमची अडचण होती. निवड त्यांनी केलेली. ती शाळेनं परस्पर बदलली म्हणजे त्या विचारणार, का? म्हणून मुलीनं आपणहून जागा सोडली असं दिसायला हवं होतं. टेबलावर एक पत्र टाइप करून तयार ठेवलं होतं. ‘माझी पाल्य कु. अवंती कुरणे हिच्याऐवजी कु. ईशिता देसाई हिला स्पर्धेस पाठविण्यास माझी हरकत नाही.’ खाली पालकांच्या सहीसाठी रेघ.

आई खुर्चीच्या अगदी कडेवर बसली होती. चांगली साडी नेसून आली होती, तिच्या पदराला एक दोरा मात्र चिकटून राहिला होता. शिंत्रे मॅडमनी तिच्या हातात पेन दिलं. ईशिता कपाटाला टेकून उभी होती, नखं बघत. मगदूम सर खिडकीपाशी. त्यांना बहुतेक नुसतं उभं राहायलाच बोलावलं होतं.

“मुलगी फार समंजस आहे,” शिंत्रे मॅडम फर्नांडिस मॅडमना म्हणाल्या. “तिलाच विचारू या.”

शिंत्रे मॅडम इतिहास शिकवायच्या. त्यांना इंग्रजी बोलताना मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. पण पाहुण्यांसमोर त्या ताठ बसल्या आणि एकेक शब्द सुटा करून म्हणाल्या, “अवंती, वुड यू माइंड इफ ईशिता गोज इन युअर प्लेस?”

तुझ्या जागी ईशिता गेली तर तुझी काही हरकत?

“येस, मॅडम,” मी म्हणाले.

बिस्किटाचं मघाशी सांगितलंच.

“हरकत आहे म्हणते की ती,” फर्नांडिस मॅडम म्हणाल्या.

शिंत्रे मॅडम एक क्षण गोंधळल्या आणि मग मोठ्यानं हसल्या. “छे हो. मराठी माध्यमाची मुलं आमची, तिथंच गोंधळतात. तिला ‘नो’ म्हणायचंय. काय गं, अवंती? म्हण बघू बाळ, नो, आय डोन्ट माइंड.”

मी बिस्कीट पडलेल्या कपाकडं बघत राहिले.

“म्हण की. नो.” पिंजऱ्यातल्या पोपटाला मिरची दाखवावी तशी त्यांनी मान पुढं केली. “लाजतेय. परवा तेवढं पाठ करून बोलली, पण समोरासमोर विचारलं की असं होतं यांचं. म्हणून तर आम्ही विचार केला.”

मगदूम सरांचे कान लाल झाले होते. ते खिडकीतून ग्राउंडकडं बघत होते, पण ग्राउंडवर बघण्यासारखं काहीच नव्हतं.

मी आईकडं बघितलं. पेनाचं टोक सहीच्या रेघेवर टेकलेलं होतं. शाईचा एक ठिपका तिथं मोठा होत चालला होता. तिला इंग्रजी कळलं नव्हतं, पण काहीतरी अडलंय एवढं कळलं होतं, आणि ती माझ्या तोंडाकडं बघत होती. मी काय म्हणते त्यावर ती सही करणार होती.

इंग्रजीतली दोन अक्षरं होती. नो. तेवढी म्हटली की सगळे चहा प्यायला मोकळे. कुणाला राग येणार नव्हता, कुणाची सही अडणार नव्हती. उलट शिंत्रे मॅडम म्हणाल्या असत्या, बघा, शिकवलं की येतं. आणि मग जन्मभर मी ती मुलगी राहिले असते, जिला येस आणि नो मधलं कळत नाही म्हणून घरी बसवली.

“नो नाही, मॅडम,” मी म्हणाले. “येस. येस, आय माइंड.”

माझा आवाज थोडा चिरकला. म्हणून मी पुन्हा, मराठीत म्हणाले, “माझी हरकत आहे.”

ते वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा बोलत होते. तोंडात ते वेगळंच लागलं, नव्या कापडाला खळ असते तसं कडक.

“मोठ्या माणसांशी असं बोलतात?” शिंत्रे मॅडमचं हसू गेलं. “माइंड युअर लँग्वेज.”

“लँग्वेज बरोबर आहे ना, मॅडम?” मी खरंच विचारलं. “सर, बरोबर आहे ना?”

मगदूम सर खिडकीपासून वळले. त्यांची अजून बारा वर्षं नोकरी शिल्लक होती, हे मला आता कळतं. तेव्हा मला वाटलं, सर एवढा वेळ का लावतायत.

“व्याकरण अचूक आहे, मॅडम,” सर म्हणाले.

फर्नांडिस मॅडमनी चमच्यानं कपातलं बिस्कीट शोधायला सुरुवात केली. त्यांचे खांदे हलत होते.

शिंत्रे मॅडम आता आईकडं वळल्या. “लहान आहे ती. तिचं काय ऐकायचं. तुम्ही तर देसाई वहिनींना शब्द दिलाय ना? करा सही.”

आईनं पत्र जवळ ओढलं. मशीनवर कापड सरकवतात तसं ओळीवरून बोट सरकवत तिनं ते सगळं वाचलं. सावकाश. सातवीपर्यंत शिकलेली बाई ती, आणि वाचताना तिचे ओठ हलतात. ‘हरकत’पाशी बोट थांबलं. मग तिनं पुढचा ‘नाही’ एका रेघेत खोडला, वर नीट गोल अक्षरात ‘आहे’ लिहिलं, आणि खाली सही केली. शोभा नामदेव कुरणे. पूर्ण. शाईच्या ठिपक्यावरूनच.

“हे काय केलंत?” शिंत्रे मॅडम म्हणाल्या.

“शिवण चुकली होती,” आई म्हणाली. “उसवली.”

कपाटापाशी कुणीतरी श्वास सोडला. ईशिता. “थँक गॉड,” ती म्हणाली. “शनिवारी मावशीकडं जायचंय मला. कुणी विचारलंच नाही.”

तिला त्या खोलीत कुणी ‘वुड यू माइंड’ म्हटलंच नव्हतं. मराठीतही नाही.

फर्नांडिस मॅडम उठल्या, पत्र उचलून वाचलं, घडी घालून आपल्या पर्समध्ये ठेवलं. “हे मी ठेवते हां,” त्या शिंत्रे मॅडमना म्हणाल्या. “चल गं मुली. तयारी करू या. उंबऱ्याचं ते परत म्हणून दाखव.”

शाळा सुटल्यावर आई फाटकाशी थांबलेली दिसली. दुपारभर ती कुठं बसली होती कोण जाणे. आम्ही निघालो. पिठाच्या गिरणीपर्यंत ती पदराचा तो दोरा बोटाला गुंडाळत चालली होती. गिरणीच्या आवाजात तिनं विचारलं, “खरं सांग. ते पहिलं येस. मास्तरनी शिकवलं होतं का तू ठरवून म्हणालीस?”

मी इकडंतिकडं बघितलं. “चुकून गेलं.”

“म्हणजे?”

“म्हणजे शिंत्रे मॅडमनी काहीही विचारलं तरी येस मॅडमच म्हणायची सवय आहे ना सगळ्यांना. हजेरीला, प्रार्थनेला, फळा पुसलास का म्हटल्यावर. तसंच गेलं. मला हरकत नाही असंच म्हणायचं होतं. कालपासून तेच ठरवलं होतं, तू सांगितलंस म्हणून.”

आई रस्त्यातच उभी राहिली. म्हणजे शिंत्रे मॅडम बरोबर होत्या. मी गोंधळलेच होते. भाषणात ज्या चुकीवर मी फर्नांडिस मॅडमना हसवलं, तीच चूक मी केली होती.

“आणि दुसरं येस?” आईनं विचारलं.

“दुसरं मी म्हणाले.”

ती बघत राहिली आणि मग पदर तोंडाला लावून हसायला लागली. पिठानं पांढरा झालेला गिरणीवाला बाहेर येऊन बघून गेला, तरी थांबेना. “कुणाला सांगू नको,” ती म्हणाली. ते मी आजपर्यंत पाळलं.

कोल्हापूरला माझा नंबर आला नाही. उत्तेजनार्थसुद्धा नाही. जिंकलेली मुलगी कुठल्याशा मोठ्या विषयावर बोलली आणि चांगली बोलली. पण उंबऱ्याला सगळा हॉल हसला, आणि ते हसू मी एसटीच्या खिडकीत बसून घरापर्यंत घेऊन आले. पुढच्या वर्षी पुन्हा गेले. त्याच्या पुढच्या वर्षीही. शिंत्रे मॅडमनी नंतर मला कधीच काही इंग्रजीत विचारलं नाही.

देसाई काकू महिनाभर फिरकल्या नाहीत. मग एका मंगळवारी आल्या, कारण दुसऱ्या कुणाच्या हातची बाही त्यांना दंडात बसत नव्हती. मशीनवर अंगणवाडीच्या सुमनमावशींचा ब्लाऊज होता, एक बाही लागलेली, एक लागायची. मी पडद्यामागं गणित करत होते.

“वहिनी, परवा वास्तुशांत आहे हो,” काकू म्हणाल्या. “एवढा आधी घ्याल ना? काही हरकत नाही ना?”

मशीन थांबलं. आईनं तोंडातल्या टाचण्या काढून एकेक करून उशीत टोचल्याचं पडद्याच्या फटीतून मला दिसलं. पाच टाचण्या.

“आहे की,” आई म्हणाली.

“काय आहे?”

“दुसरीचं काम आहे मशीनवर. शुक्रवारी या.”

मी गणिताची वही मिटली, दप्तरातून इंग्रजीची काढली आणि मागची पानं उलटत ते दुमडलेलं पान शोधलं. डावीकडं अजून तसंच होतं, ‘आय माइंड’. उजवीकडच्या मोकळ्या जागेत मी पेनानं लिहिलं, शुक्रवारी या.